पापणीवर चकाकी चढवताना पाळावयाच्या सर्वसाधारण सूचना

प्रस्तुत सूचना न्यू जर्सी आणि तत्सम थंड प्रदेशांत राहणाऱ्या, नाताळच्या सेलमधून मेकअपचा हॉलिडे सेट घरी आणलेल्या आणि त्यातली सुटी मेटॅलिक भुकटी लावून मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाऊ इच्छिणाऱ्या भगिनींसाठी आहेत. पुरुषांनी वाचायला हरकत नाही. चकाकी त्यांच्याही अंगावर येणारच आहे.

खरेदीबद्दल फार लिहीत नाही. सेट नोव्हेंबरात दुकानात लागतो तेव्हा तो घेऊ नये. तेव्हा तो ज्यांना एकमेकांना द्यायचा असतो त्यांच्यासाठी असतो. २६ डिसेंबरपासून त्याची किंमत उतरू लागते आणि तो आपल्यासाठी होतो. 'निम्म्या किमतीत मिळाला' हे वाक्य घरात शिरता शिरता, कोट काढायच्या आधी म्हणून टाकावे. कशाच्या निम्म्या, असा प्रश्न आल्यास डबा दाखवावा. डबा भरपूर मोठा असतो. त्यात एक पुठ्ठ्याचा कप्पा, त्यात प्लॅस्टिकचा खाचांचा ट्रे आणि खाचांमध्ये करंगळीच्या पेराएवढ्या पाच कुप्या. एक शॅम्पेन, एक रोझ गोल्ड, एक ब्रॉन्झ, एक कॉपर. कुपीत या चौघी वेगवेगळ्या दिसतात. पापणीवर गेल्यावर आज कोणती लावली हे लावणारीलाही सांगता येत नाही. पाचवी मोरपिशी. ती कधीच लावली जात नाही, पण सेट घेतलेला असतो तो तिच्याकडे बघूनच.

आता कुपीत काय आहे ते समजून घ्यावे, कारण घरातली ज्येष्ठ मंडळी विचारतात. नाव मेटॅलिक असले तरी आत धातूचा चुरा क्वचितच असतो. आत असते अभ्रक. अभ्रकाचे पापुद्रे निघतात हे शाळेत शिकलेले असते. त्या पापुद्र्यांची बारीक भुकटी करून प्रत्येक कणावर टायटॅनियम डायऑक्साइडचा किंवा लोहाच्या ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर चढवतात. गंमत अशी की टायटॅनियमचा हा थर स्वतः बिनरंगीच असतो. रंग ठरतो तो थराच्या जाडीवर. ४० ते ६० नॅनोमीटरचा थर असेल तर कण चंदेरी दिसतो, थोडा जाड झाला की सोनेरी, मग लालसर, मग निळा, मग हिरवा. प्रकाश थराच्या वरून आणि खालून असा दोनदा परततो आणि त्या दोन लाटांच्या भानगडीतून कुठला रंग उरायचा ते ठरते. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग दिसतात त्याचे कारणही हेच. ब्रॉन्झ आणि कॉपर मात्र लोहाच्या ऑक्साइडमुळे तशा दिसतात.

हे सगळे मी माझ्या सासूबाईंना सांगितले. सहा महिन्यांसाठी सांगलीहून आल्या आहेत. त्यांनी चष्मा वर करून कुपी उजेडात धरली आणि विचारलं, "लोहाचं ऑक्साइड म्हणजे गेरूच ना गं? तुळशीवृंदावनाला लावतो तो?"

म्हटलं, "हो आई, जात तीच."

"आणि याला डॉलर मोजलेस."

या प्रश्नाला, म्हणजे तो प्रश्न असेल तर, उत्तर नाही. पुढच्या मुद्द्याकडे वळावे.

डब्याच्या तळाशी मुंगीच्या अक्षरांत जे छापलेले असते ते भिंग घेऊन वाचावे. ७७०१९ म्हणजे अभ्रक, ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, ७७४९१ म्हणजे वर उल्लेखिलेला गेरू. ७५४७० दिसला तर तो कार्मिन, म्हणजे कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढलेला लाल रंग. एकादशी करणाऱ्यांनी आपापला निर्णय घ्यावा. ७५१७० दिसला तर ते ग्वानिन. ती माशांच्या खवल्यांची चमक. अभ्रकावर थर चढवायची युक्ती १९६०च्या दशकात रुळेपर्यंत मोत्याची झाक आणायची तर बहुधा मासळीलाच शरण जावे लागे. शेजारच्या मालवणी वहिनींना हे कळल्यावर त्यांना या विषयात प्रथमच रस वाटला.

त्याच अक्षरांत एखाद्या शेडपुढे 'डोळ्यांभोवती वापरू नये' असे लिहिलेले आढळेल. डोळ्यांच्या सेटमध्ये डोळ्यांना न चालणारा रंग कसा, असे विचारून दुकानातल्या मुलीला छळू नये. अमेरिकेत डोळ्यांच्या परिसरात कोणते रंग चालतात याची वेगळी यादी आहे, आणि ती यादी उगाच झालेली नाही. १९३३च्या सुमारास 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्यांचा डाय इथे विकला जात होता. त्याने बायकांचे डोळे गेले. तेव्हा त्याला बाजारातून हटवण्याचा कायदाच सरकारजवळ नव्हता. तो १९३८ साली आला. म्हणून जी कुपी डोळ्यांना नको म्हणते ती गालाच्या हाडावर किंवा खांद्यावर लावावी. खांदा साडीत झाकला जातो, ही त्यातली सोय.

मुलांच्या क्राफ्टच्या डब्यातली चमकी ही आणखी वेगळी वस्तू. ते ॲल्युमिनियम चढवलेल्या प्लॅस्टिकचे कातरलेले तुकडे असतात, त्यांना कडा असतात आणि त्या बुबुळावर ओरखडा काढू शकतात. युरोपियन युनियनने ऑक्टोबर २०२३पासून प्लॅस्टिकची सुटी चमकी विकायलाच बंदी घातली आहे. 'तीच ती, काय फरक आहे' असे म्हणणारी मैत्रीण प्रत्येकीला असते. तिच्यावर इतर बाबतींत विश्वास ठेवावा.

एक गोष्ट मात्र या सूचनांच्या सुरात लिहिता येत नाही. जगातले पुष्कळसे अभ्रक झारखंड-बिहारच्या पट्ट्यातून, कोडरमा आणि गिरिडीहच्या बाजूने येते. १९८०च्या वनसंरक्षण कायद्यानंतर तिथल्या बऱ्याच खाणी कागदोपत्री बंद झाल्या, पण लोक टाकून दिलेल्या ढिगाऱ्यांतून आणि उंदराच्या बिळांएवढ्या खड्ड्यांतून अभ्रकाचे तुकडे वेचत राहिले. त्याला तिकडे ढिबरा म्हणतात. वेचणाऱ्यांत लहान मुलेही असतात, आणि खड्डे ढासळून त्यांतली काही गेली आहेत. २०१७मध्ये कंपन्यांनी आणि संस्थांनी मिळून पॅरिसमध्ये 'रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह' सुरू केला तो यावरच. घेताना डब्यावर अभ्रक कुठले याबद्दल काही लिहिले आहे का, किंवा घटकांत 'सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट' म्हणजे कारखान्यात बनवलेले अभ्रक आहे का, एवढे तरी बघावे. निम्म्या किमतीच्या आनंदात हे बघायचे राहते.

असो. आता प्रत्यक्ष कृती.

या भुकटीबाबत एकच तत्त्व आहे आणि बाकी सगळे त्याचे पोटनियम: ती लावणे अवघड नाही, ती इतरत्र न लागणे अवघड आहे. ब्रश, प्रायमर, मिक्सिंग लिक्विड, सेटिंग स्प्रे, पापणीखाली ठेवायच्या अर्धचंद्राकृती पट्ट्या हा सगळा बाजार भुकटीला जागेवर बसवण्यासाठी उभा आहे. सेटमध्ये यातले काहीही येत नाही. ते मार्चमध्ये वेगळ्या सेटमध्ये येते.

जागा म्हणून बाथरूम निवडावी. दार लावावे. भारतात डोक्यावरचा पंखा बंद केला की काम भागते. इथे जानेवारीत हीटर जमिनीतल्या किंवा भिंतीतल्या जाळीतून अवचित गरम हवा सोडतो, आणि तो नेमका कुपी उघडल्यावर सुरू होतो. जाळीवर टॉवेल टाकावा. शिवाय हीटरमुळे घरातली हवा इतकी कोरडी पडते की स्वेटर काढताना तडतड आवाज येतो, मांजराला हात लावला तर त्यालाही आणि आपल्यालाही झटका बसतो. तीच वीज कुपीलाही चढते. प्लॅस्टिकच्या ट्रेमधून प्लॅस्टिकची कुपी उपसून काढली की आतली भुकटी तळाशी बसायचे सोडून काचेसारख्या भिंतींवर चढून बसते आणि झाकण उघडताच चार दाणे स्वतःहून बाहेर उडी मारतात. हे अंधश्रद्धेचे नाही, भौतिकशास्त्राचे प्रकरण आहे. त्यावर उपाय: आपल्या आधी घरातल्या कोणालातरी कढत पाण्याने आंघोळीला पाठवावे, म्हणजे हवेत ओल येते. कुपी बाहेरून ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि ओट्यावर हलकेच ठोकावी. नवऱ्याला शनिवारी दुपारी आंघोळीला पाठवण्याचे कारण त्याला सांगत बसू नये.

पोशाख: नवऱ्याचाच जुना, पुढून बटणांचा शर्ट. टी-शर्ट नको, कारण तो डोक्यावरून काढावा लागतो आणि वाटेत पापण्या असतात. चंद्रकळा दुसऱ्या खोलीत, कपाटात, कपाट बंद. संक्रांतीला काळे नेसायचे आणि सोनेरी भुकटी लावायची, हा योग ज्या कोणी जुळवला त्याने या दोन्हींपैकी एक तरी गोष्ट वापरून पाहिलेली नसावी. चंद्रकळेवर आधीच जरीचे बुट्टे असतील तर प्रश्न बराचसा हलका होतो.

कॉन्टॅक्ट लेन्स घालायच्या असतील तर त्या सगळ्यात आधी घालाव्यात आणि रात्री सगळ्यात आधी काढाव्यात. फाउंडेशन डोळ्यांनंतर. हा क्रम उलटा केला तर गालांवर सांडलेला ब्रॉन्झ फाउंडेशनमध्ये कालवला जातो आणि मग 'चेहऱ्यावर तेज आलंय' असे चार जणी म्हणतात. हे तेज उतरत नाही.

कुपी उघडताना श्वास रोखावा. हसू नये, बोलू नये, कोणी हाक मारली तर ओ देऊ नये. झाकण एकदम न उपसता फिरवत काढावे. झाकणाच्या आतल्या बाजूला जेवढी भुकटी चिकटलेली असते तेवढीच आजच्या दिवसाला पुरते, किंबहुना उरते. कुपीच्या आत ब्रश बुडवायची वेळच येत नाही. म्हणूनच या कुप्या संपत नाहीत. इतक्या वर्षांत इतक्या ओळखींत मला एकही बाई अशी भेटलेली नाही जिने पिगमेंटची कुपी संपवली. लिपस्टिक संपते, काजळ संपते, साबण तर संपतोच. ही भुकटी नातीला जाते.

ओट्यावर काही सांडलेच तर फुंकर मारू नये. हे लिहायला सोपे आहे. आपल्या पिढ्यानपिढ्यांनी धान्यावर, पाटीवर, फोटोच्या काचेवर, निखाऱ्यावर फुंकर मारली आहे. भुकटी दिसली की ओठ आपोआप गोल होतात. ते दाबून धरावेत. ओल्या कापसाने टिपून घ्यावी.

लावण्यासाठी पापणीवर आधी काहीतरी चिकट हवे. प्रायमर असेल तर उत्तम, नसेल तर क्रीम आयशॅडो, तीही नसेल तर काजळाची कांडी. पूर्ण सुकायच्या आत, हाताला किंचित लागेल इतपत असताना भुकटी लावायची. साधन म्हणून सिंथेटिक केसांचा चपटा ब्रश सांगतात, आणि तो ब्रश पाण्याने किंवा पाण्यात ग्लिसरीनचा थेंब घालून ओला करावा असे सांगतात. खरे आहे. ओल्या ब्रशने कण आडवे, एकमेकांना लागून बसतात आणि मग ती पत्रा ठोकल्यागत धातूची चमक येते. कोरड्याने नुसती लुकलुक. फक्त पाणी ब्रशला लावावे, कुपीत टाकू नये. ओल्या भुकटीत जंतू वाढतात आणि आपण तर ती नातीसाठी ठेवणार आहोत. तरी माझे मत विचाराल तर अनामिका घ्यावी. बोटाची ऊब आणि किंचित तेलकटपणा यांची बरोबरी कुठल्याही ब्रशला साधलेली नाही, आणि अनामिकेत जोर कमी असल्याने डोळ्यावर दाब येत नाही. बोट पापणीच्या मधोमध ठेवावे आणि दाबून उचलावे. दाबावे, उचलावे. घासायचे नाही. घासले की भुकटी पुढे सरकत नाही, खाली पडते. पापणीच्या घडीपर्यंत थांबावे. घडीच्या वर चढलेली चकाकी फक्त सर्कशीत आणि वयाच्या विशीत चालते.

आता मोरपिशीबद्दल, कारण तिच्यावर अन्याय होतो. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर ती थेट लावली तर राखाडी दिसते, आणि मग ती कुपी कायमची मागे जाते. दोष कातडीचा नाही. अशा शेडमध्ये रंगद्रव्य फारसे नसते, सगळा खेळ परतणाऱ्या प्रकाशाचा. खालून दुसरा प्रकाश उलटून येऊ नये म्हणून तिला पाठीशी काळे लागते. पापणीवर आधी काजळ फासून बोटाने पसरावे आणि वर मोरपिशी दाबावी. मान इकडे वळवली की निळी, तिकडे वळवली की हिरवी. चार बहिणींनी मिळून आयुष्यात जेवढे काही केले नाही तेवढे ही एकटी करते. एखाद्या सेटमध्ये चंदेरी शेड असली तर तीही गोऱ्यापान कातडीचा विचार करून बनलेली असते. ती डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात टिंबाएवढी लावावी आणि तिचे समाधान करावे.

झाले की आरशात लगेच निकाल देऊ नये. बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात सगळेच माफक दिसते. पॅसेजमध्ये यावे, खिडकीशी यावे, आणि शेवटी गाडीच्या सन व्हायझरच्या आरशात बघावे. तो जगातला सर्वांत प्रामाणिक आरसा आहे आणि म्हणूनच त्याला झाकण दिलेले असते. पॅसेजमध्ये सासूबाई भेटतील. त्या एकदा डोळ्यांकडे, एकदा घड्याळाकडे बघतील आणि म्हणतील, "नाटकात काम आहे का आज?" त्यांना तिळगुळाचा डबा धरायला द्यावा.

मंडळाचा कार्यक्रम शाळेचा हॉल भाड्याने घेऊन असतो आणि शाळेच्या हॉलला वरून पांढऱ्या ट्यूब असतात. त्या ट्यूबखाली भुकटी पूर्ण सत्य सांगते. इलाज म्हणजे हळदीकुंकवाच्या रांगेत पापण्या खाली ठेवाव्यात. मर्यादाशीलही दिसते आणि कामही दिसते. ग्रुप फोटोला फ्लॅश असेल तर डोळे मोठे उघडावेत. मिटल्यास फोटोत पापण्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके येतात आणि तो फोटो वर्षभर मंडळाच्या स्मरणिकेत राहतो.

जेजुरीचा गड चढून आलेल्यांना पुढचे सांगायला नको. भंडारा आपण उधळला नाही तरी घरी पोचेपर्यंत तो कानात, घड्याळाच्या पट्ट्यात आणि प्रसादाच्या पुडीत निघतो. ही भुकटी त्याच जातीची. तिळगूळ घेताना जिला मिठी मारली तिच्या खांद्यावर गेली, तिथून तिच्या बाळाच्या टकलावर, बोरन्हाणाच्या चुरमुऱ्यांत, हलव्याच्या मुकुटावर. सोमवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये नवऱ्याच्या भुवईवर एक कण लकाकताना त्याच्या मॅनेजरला दिसतो. नवऱ्याने खुलासा करू नये. खुलासा केल्याने अशी प्रकरणे वाढतात.

रात्री काढण्याची पद्धत. पाण्याने तोंड धुऊ नये. पाण्याने ती फक्त जागा बदलते. आधी चिकटपट्टी हाताच्या पालथ्या बाजूवर दोनदा चिकटवून तिचा जोर कमी करावा आणि मग गालांवर सांडलेले कण तिने उचलावेत. पापणीला चिकटपट्टी लावू नये. तिथे तेल लागते. क्लेन्झिंग ऑइल असते, पण खालचा चिकट थर सोडवायला खोबरेल तेलही पुरते, आणि ते जानेवारीत इथे गोठलेले असते म्हणून बाटली आधी गरम पाण्यात ठेवावी. कापूस तेलात भिजवून मिटल्या डोळ्यावर धरावा, दहा सेकंद मोजावेत, मग खालच्या दिशेने एकदाच ओढावा. डोळा चोळू नये. तेलाने थोडा वेळ धूसर दिसते. तेवढ्या वेळात बाथरूमच्या ओट्याकडे न बघितलेलेच बरे. उशीचा अभ्रा बदलावा. अभ्रकासाठी अभ्रा, एवढी कोटी क्षम्य मानावी.

राहिल्या उरलेल्या कुप्या. ज्या उघडल्या आहेत त्यांच्या झाकणावर तारीख लिहून ठेवावी; डब्यावर उघड्या बरणीचे चित्र आणि आत '१२एम' किंवा '२४एम' असे असते, ते उघडल्यानंतरचे महिने, आणि नातीला ते महिने दाखवू नयेत. ज्यांचे सील तसेच आहे त्या शॅम्पेन आणि रोझ गोल्ड रथसप्तमीच्या आत वाण म्हणून लुटून टाकाव्यात. प्लॅस्टिकचे डबे आणि आरसे घेऊन घेऊन बायका कंटाळलेल्या असतात. त्या खूश होतात आणि तिथल्या तिथे कुपी उघडून बघू लागतात. त्यांना प्रेमाने थांबवावे, हातात पर्स द्यावी, आणि उघडायचीच असेल तर त्यांच्या स्वतःच्या गाडीत उघडायला सांगावे.